रिकामं वजन

कोकिळा,
धरणगावच्या जिनिंगवर ट्रक दोनदा चढतो काट्यावर.
एकदा कापसाने फुगलेला, ताडपत्रीतून पिंजारलेला,
एकदा सगळं ओतून आल्यावर.
दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे माल.
अकरा वर्षं मी ही वजाबाकी केली,
किलोभराचीही चूक कधी निघाली नाही.

घरी तुला सांगायचो, सीझन आहे, रात्रपाळी आहे.
तू डब्यात भाकरीवर लसणाची चटणी ठेवायचीस
आणि सोबत कांदा, चिरलेला नाही, अख्खा,
तिथे ताजा फोडता यावा म्हणून.
तो कांदा मी दुसऱ्याच ओट्यावर फोडला.

तुला कळलं एका पावतीवरून.
रजिस्टरला चढवायची खिशात राहून गेलेली,
शर्ट भिजवताना सापडली तुला:
रात्रीचा एक वाजून चाळीस,
आणि खाली सही योगराजची.

तू भांडली नाहीस.
पावती वाळवलीस, इस्त्रीखाली दाबलीस,
माझ्या ताटात ठेवलीस, लोणच्याच्या जागी.
मी म्हणालो, मशीनचं घड्याळ चुकलंय.
मला अजून त्याचीच जास्त लाज वाटते.
त्या बाईपेक्षाही त्या घड्याळाची.
बिचारं बरोबर चालत होतं.

आज तीन वर्षांनी पॅसेंजरने अमळनेरला आलो.
धरणगावपासून जे बोलायचं घोकत होतो
ते टाकरखेडा येईपर्यंत शिळं झालं.
'माझं चुकलं' हे मी गोणी फाटली तरी म्हणतो.
'एक संधी दे' म्हणत हमाल उभे राहतात मुकादमापुढे,
मुकादम पान लावत बसतो.

बोरीच्या पुलापलीकडे तुझी खोली विचारत गेलो.
"बिबडेवाली ना?" एक पोरगा म्हणाला.
माझ्या नावाने तुला तिथे कुणी ओळखत नाही.
बरं वाटलं.
जिना चढेपर्यंत टिकलं ते.

गच्चीवर धुतलेल्या धोतरावर ओल्या बिबड्यांच्या रांगा,
तीळ चिकटलेले, कडा अजून नरम.
तू पाण्यात हात बुडवून थापत होतीस.
मान वर केलीस, हात थांबला नाही.
"कसाले उना?"

"बिबडे घ्यायला."

तीन वर्षांनी तुझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य,
आणि तेही खोटं.

"कितला देऊ?"
"अर्धा किलो."

तू हात पुसलेस. काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवलीस,
आकडा शून्यावर आणलास, मग बिबडे.
पाचशे दहा भरले.
वरचा तुकडा तू काढला नाहीस.
मोडका होता. सगळ्यांनाच सोडत असशील.

मी पैसे दिले. सुट्टे तू डब्यात शोधत होतीस,
तेव्हा तुझ्या पाठीला म्हणालो,
"ते घड्याळ बरोबर होतं."

नाणी वाजायची थांबली. मग परत वाजली.
"माले माहीत शे."

बस एवढंच. वीस रुपये हातावर ठेवलेस,
बोटांना पीठ लागलेलं, ते माझ्या हाताला लागलं.
मी वळलो, एक पायरी उतरलो,
तेव्हा वरून म्हणालीस,
"पंधरा दिनमा नागलीना पापड व्हतीन."

हे तू गिऱ्हाइकाला सांगितलंस.
पुढच्या घरच्या वहिनींनाही सांगितलं असशील,
त्या पोरालाही, दूधवाल्यालाही.
परतीच्या गाडीत मी हे स्वतःला
दोनदा बजावलं.
पिशवी मांडीवर होती. डबा हिसकला की आत काहीतरी मोडायचं.
हाताचं पीठ वाळून पांढरं झालं,
धुवायचं राहिलं म्हण.

घरी कॅलेंडरवर पंधरा घरं मोजली.
शुक्रवार येतो.
शुक्रवारी मला रात्रपाळी आहे, आणि दिवसाचीही.
ह्या वेळी खरीच, सीझनचं शेवटचं.

योगराजला सांगून दिवसाची बदलून घ्यावी लागेल.
कशाला, विचारेल तो.
पापड आणायला, म्हणेन,
आणि तो माझ्याकडे बघत राहील.